एपीच्या एमव्हीपी मतदारांना खुलं पत्र: पाचातली एक ओळ लाइनमनसाठी ठेवा

असोसिएटेड प्रेसच्या (एपी) एनएफएल एमव्हीपी, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूच्या, पुरस्कारासाठी मत देणाऱ्या पन्नास पत्रकार आणि ब्रॉडकास्टर मंडळींना,

नमस्कार.

मी ओहायोत अक्रनजवळ राहतो. क्लीव्हलंडही जवळ आणि कँटनचं अमेरिकन फुटबॉलचं हॉल ऑफ फेमही जवळ. क्लीव्हलंडच्या ब्राउन्स टीमचा फॅन आहे, त्यामुळे हरणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. हे पत्र इंग्रजीतही तुमच्याकडे पाठवतोय, पण आधी मराठीत लिहितोय कारण इथली आमची जी मराठी मंडळी दर रविवारी मॅच लावून बसतात त्यांनीही हे वाचावं असं वाटतं आणि मनातलं सगळं मला मराठीतच नीट बोलता येतं.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. 1957 पासून एपी हा पुरस्कार देतेय, आणि आजपर्यंत तो एकदाही ऑफेन्सिव्ह लाइनमनला, म्हणजे पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या माणसाला, मिळालेला नाही. एकदाही नाही! पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला मिळाला, बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला मिळाला, 1971 ला डिफेन्सिव्ह टॅकल असलेल्या अ‍ॅलन पेजला मिळाला, 1986 ला डिफेन्समधल्याच लॉरेन्स टेलरला मिळाला, आणि 1982 ला तर चक्क किकरला मिळाला, वॉशिंग्टनच्या मार्क मोझलीला, ते पण स्ट्राइकमुळे फक्त नऊ मॅचच्या झालेल्या सीझनमध्ये. मोझलीने 21 पैकी 20 फील्ड गोल मारले होते, मोठीच गोष्ट आहे, मी त्याचं श्रेय काढून घेत नाहीये. पण जो माणूस मॅचमध्ये चार-पाच वेळा मैदानात येतो त्याला तुम्ही लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू म्हणू शकता आणि जो टीमच्या ऑफेन्सचा एकेक स्नॅप, म्हणजे बॉल मागे दिल्यावर सुरू होणारा प्रत्येक डाव, खेळतो त्याला साठ-सत्तर वर्षांत एकदाही म्हणू शकत नाही, हे मला पटत नाही, कितीही विचार केला तरी पटत नाही.

2022 च्या सीझनपासून तुमच्या बॅलटवर एका नावाऐवजी पाच नावं लिहायची सोय आलीये. पहिल्याला 10 पॉइंट, मग 5, 3, 2 आणि 1. माझी मागणी एवढीच आहे की त्या पाच ओळींपैकी एक ओळ भरताना लाइनमनचा खरोखर विचार करा आणि जो लायक असेल त्याचं नाव लिहा. पहिल्या नंबरवर लिहा असंही म्हणत नाहीये. पाचव्या नंबरवर लिहा, एक पॉइंट द्या, पण लिहा.

आता जरा आमच्या मंडळींसाठी सांगतो, तुम्हाला हे माहीतच आहे. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे बॉलच्या पुढे उभे असलेले पाच जण, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल. यांना बॉल घेऊन पळायचं नसतं, रेफरीकडे वेगळं रिपोर्ट केल्याशिवाय पास झेलताही येत नाही. काम एकच, समोरच्याला अडवायचं. आणि यातली सगळ्यात कठीण जागा म्हणजे लेफ्ट टॅकल, कारण क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला की फेकताना त्याची पाठ डावीकडे वळलेली असते आणि तिकडून कोण धावत येतंय ते त्याला दिसत नाही.

त्या जागेवरचे तीन सेकंद बघा. समोर पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकला पाडायला येणारा, उभा, पाउणे तीनशे पाउंडाच्या आसपासचा माणूस जो धावण्यात भल्याभल्यांना मागे टाकेल. स्नॅप झाला की टॅकल उलट्या पावली मागे सरकायला लागतो, कंबर खाली, डावा पाय आधी मागे आणि उजवा त्याच्यामागे ओढत, कारण पाय एकदा एकमेकांत आले की संपलं. हात छातीशी धरलेले. हात लवकर टाकला तर रशर तो झटकून बाजूने निसटतो, उशिरा टाकला तर तो छातीत घुसतो आणि टॅकलला ढकलत ढकलत क्वार्टरबॅकच्या अंगावर नेऊन घालतो. जर्सी पकडली आणि रेफरीने बघितलं की होल्डिंग, दहा यार्ड मागे, आणि स्टेडियमभर लाउडस्पीकरवर त्याचा नंबर पुकारला जातो. स्नॅपच्या आधी नुसता हलला तरी फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड मागे. दुसऱ्याच्या गावात मॅच असेल तर सत्तर हजार लोक मुद्दाम ओरडत असतात, क्वार्टरबॅकचा आवाजच ऐकू येत नाही, मग सायलेंट काउंट, म्हणजे आवाजाऐवजी खुणेने स्नॅप, गार्ड सेंटरला हात लावून खुणावतो, सेंटर मान हलवतो, आणि टॅकल एका डोळ्याने बॉलकडे आणि एका डोळ्याने रशरकडे बघत बसलेला. रशरला आपण कधी निघणार ते स्वतःला माहीत असतं, याला ते ओळखावं लागतं. हे एका मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा.

आता जो थॉमसबद्दल बोलतो, कारण या पत्राचं खरं कारण तोच आहे.

2007 चा ड्राफ्ट, म्हणजे टीमनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा दिवस. पहिला नंबर रेडर्सचा, त्यांनी जमार्कस रसेल नावाचा क्वार्टरबॅक घेतला. दुसरा लायन्सचा, त्यांनी कॅल्विन जॉन्सन घेतला. तिसरा आमचा, आम्ही विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीचा लेफ्ट टॅकल घेतला, जो थॉमस. तो त्या दिवशी न्यूयॉर्कला सूट घालून स्टेजवर गेलाच नाही, वडिलांबरोबर लेक मिशिगनवर बोटीत मासे पकडत होता आणि तिथेच त्याला कळलं. ज्या क्वार्टरबॅकला सगळ्यात आधी घेतलं तो 2009 नंतर लीगमधून बाहेर पडला. आमचा टॅकल 2017 पर्यंत खेळला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत तो मैदानाबाहेर गेलाच नाही!

हे शब्दशः घ्या. पहिल्या मॅचच्या पहिल्या स्नॅपपासून सलग 10,363 स्नॅप. 1999 पासून स्नॅपचे हिशेब ठेवले जातात, त्यात इतका सलग खेळलेला दुसरा कोणी नाही. एरी लेकवरून येणारा डिसेंबरचा वारा, बर्फ, चिखल, गुडघे, बोटं, सगळं धरून. वर्षातून दोनदा बॉल्टिमोरचा टेरेल सग्ज, वर्षातून दोनदा पिट्सबर्गचा जेम्स हॅरिसन. आणि आम्ही हरतोय, सारखे हरतोय. त्याच्या काळात सहा हेड कोच झाले. क्वार्टरबॅक किती बदलले ते मोजायचंच सोडून दिलं होतं लोकांनी, स्टार्ट करणारे वीसेक तरी झाले. रुकी म्हणजे पहिल्या वर्षी टीम 10-6 होती, दहा जिंकलो, सहा हरलो, तरी प्लेऑफ हुकला, आणि नंतरही त्याच्या काळात प्लेऑफ कधी मिळाला नाही. 2016 ला 1-15. 2017 ला 0-16. अशा टीममध्ये 34-10 ने मागे असताना चौथ्या क्वार्टरमध्ये एखादा स्नॅप बसून काढला असता तर कोणी काही बोललं नसतं. मी तर नसतोच बोललो. पण हा माणूस त्या स्नॅपलाही तसाच मागे सरकायचा, पाय तसेच, हात तसेच. कधी तो नेहमीसारखा सरळ मागे जायचा, कधी एकदम पुढे उडी मारूनच रशरला भिडायचा, म्हणजे समोरच्याला अंदाजच येऊ नये. मी टीव्हीवर बॉल सोडून 73 नंबरकडे बघायला लागलो ते तेव्हापासून, कारण खरं सांगायचं तर ब्राउन्सच्या मॅचमध्ये बघण्यासारखं दुसरं फार नसायचं.

22 ऑक्टोबर 2017, टेनेसी टायटन्सविरुद्ध घरच्या मैदानावर त्याच्या दंडाचा स्नायू फाटला, ट्रायसेप्स, आणि तो बाहेर गेला. पुढच्या मार्चमध्ये रिटायर. दहा पूर्ण सीझन, दहाही वर्षी प्रो बोल, म्हणजे निवडक चांगल्या खेळाडूंच्या मॅचसाठी निवड. 2023 ला पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेम. त्या ऑगस्टमध्ये कँटनला ब्राउन्सच्या जर्सी घातलेली इतकी माणसं जमली होती की जणू आम्ही काही जिंकलोय. स्टेडियममध्ये रिंग ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे टीमने गौरवलेल्या खेळाडूंच्या यादीत, त्याच्या नावाशेजारी 10,363 हा आकडा लावलाय.

तुम्ही म्हणाल, अहो हरणाऱ्या टीमच्या माणसाला एमव्हीपी कसा देणार. बरोबर आहे, तेव्हा एकच ओळ होती, मीही कदाचित मॅनिंग किंवा रॉजर्स अशा एखाद्या क्वार्टरबॅकचं नाव लिहिलं असतं. त्याला तुम्ही एमव्हीपी द्यायला हवा होता अशी माझी तक्रार नाहीये. माझी तक्रार पुढची आहे. त्याच दहा वर्षांत सहा वेळा एपीच्याच मतदारांनी त्याला ऑल-प्रो फर्स्ट टीममध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, घेतलं. म्हणजे लीगमधला सगळ्यात चांगला टॅकल कोण हे तुम्हाला ओळखता येतं, दरवर्षी ओळखताच. मग दुसऱ्या कागदावर, एमव्हीपीच्या कागदावर, तोच डोळा कुठे जातो?

नेहमीचं उत्तर मिळतं की लाइनमनचे आकडे नसतात. क्वार्टरबॅकचे यार्ड असतात, टचडाउन असतात, रनिंग बॅकचे असतात, लाइनमनचं काय मोजणार. खरंय, लीगच्या अधिकृत हिशेबात त्यांच्या नावावर दाखवण्यासारखं काहीच नाही. बघा ना, क्वार्टरबॅकला पाडलं की त्याला सॅक म्हणतात आणि 1982 पासून तो सॅक पाडणाऱ्याच्या नावावर अधिकृतपणे जमा होतो. पण जो सॅक झालाच नाही तो कोणाच्या नावावर? कोणाच्याच नाही.

इथे मला आमच्या क्रिकेटर बापू नाडकर्णींची आठवण येते. 1964 साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग 21 ओव्हर मेडन टाकल्या, 32 ओव्हर, 27 मेडन, 5 रन, विकेट शून्य. शून्य! काही घडू दिलं नाही एवढंच त्यांनी केलं, आणि आज साठ वर्षांनी नाशिकचा कुठलाही क्रिकेटवेडा तुम्हाला ते आकडे पाठ म्हणून दाखवेल, कारण क्रिकेटच्या स्कोअरबुकात निर्धाव चेंडूलाही टिंब पडतं. स्कोअररने प्रत्येक टिंब काढलं म्हणून नाडकर्णी लक्षात राहिले. जो थॉमसचे स्नॅप कोणीतरी मोजत होतं म्हणून 10,363 तरी आपल्या हातात आहे, नाहीतर तेही नसतं.

आणि आकड्यांचंच बोलायचं तर तुमच्याच विजेत्यांचे आकडे उघडून बघा. 2024 चा एमव्हीपी जॉश अ‍ॅलन, बफेलो बिल्सचा क्वार्टरबॅक. त्या अख्ख्या सीझनमध्ये, सतरा मॅचमध्ये, बिल्सचा क्वार्टरबॅक 14 वेळा सॅक झाला, लीगमध्ये सगळ्यात कमी. अ‍ॅलन अंगाने दांडगा आहे, निसटतो, त्याचा वाटा आहेच, पण लेफ्ट टॅकल डिऑन डॉकिन्स आणि लाइनमधल्या बाकीच्या चौघांचा काहीच नाही? त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली याने पळत 2,005 यार्ड काढले, आणि ईगल्सची लाइन ज्याने बघितलीये त्याला माहितीये की कितीतरी वेळा बार्कलीला पहिला हात लागायचा तो पाच-सात यार्ड गेल्यावर. त्या लाइनचा लेफ्ट टॅकल जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा पोरगा, ड्राफ्टच्या आधी अमेरिकन फुटबॉलची एक मॅच खेळलेला नव्हता, सातव्या राउंडला घेतला आणि कोच जेफ स्टाउटलँडने घडवला. ही गोष्ट मोलाची नाही तर कुठली मोलाची?

जुन्या खेळाडूंना हे कळायचं. 1973 ला बफेलोचा रनिंग बॅक ओ. जे. सिम्प्सन याने पहिल्यांदा 2,000 यार्ड पार केले, तुम्ही त्याला एमव्हीपी दिला, आणि त्या मॅचनंतर तो प्रेस कॉन्फरन्सला एकटा आला नव्हता, बफेलोची सगळी लाइन बरोबर घेऊन आला होता. पत्रकारांसमोर त्याने त्यांची ओळख करून दिली. त्याच 1973 साली कॉलेज फुटबॉलमध्ये ओहायो स्टेटचा जॉन हिक्स, ऑफेन्सिव्ह टॅकल, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात दुसरा आला होता. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कॉलेजवाल्या मतदारांना हे जमलं होतं. आजच्यासारखी फिल्म हाताशी नसताना जमलं होतं, आज तुमच्याकडे प्रत्येक स्नॅपची बावीसही खेळाडू दिसतील अशी फिल्म आहे.

टीमच्या मालकांनाही कळतं, ते पैसे मोजतात. टॅम्पा बेने 2024 ला लेफ्ट टॅकल ट्रिस्टन वर्फ्सला वर्षाला सरासरी 28 मिलियन डॉलर कबूल केले. धंद्यात मुरलेली माणसं उगाच एवढे पैसे देत नाहीत.

हो, 2025 च्या सीझनपासून लीगने लाइनमनसाठी प्रोटेक्टर ऑफ द इयर म्हणून वेगळा पुरस्कार सुरू केलाय. चांगलं केलं, उशिरा का होईना केलं. पण वेगळी पंगत मांडून दिली म्हणून मुख्य पंगतीतलं पान मागायचं नाही असं होत नाही. उलट मला भीती वाटते की आता तुम्ही म्हणाल, त्यांचं झालंय की, आणि विषय संपवाल.

आता माइक वेबस्टरबद्दल. हे लिहिताना मला त्रास होतो पण लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

1978 चा तुमचा एमव्हीपी टेरी ब्रॅडशॉ, पिट्सबर्ग स्टीलर्सचा क्वार्टरबॅक. त्याला बॉल देणारा सेंटर होता माइक वेबस्टर, 1974 ला पाचव्या राउंडला घेतलेला, हाही विस्कॉन्सिनचाच. पंधरा वर्षं स्टीलर्सकडे, चार सुपर बोल, मग दोन वर्षं कॅन्सस सिटी. सेंटरचं काम म्हणजे डोकं खाली घालून बॉल मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या माणसाला डोक्याने, हाताने, जे असेल त्याने थोपवायचं. सतरा वर्षं. रिटायर झाल्यावर त्याचं डोकं चालेनासं झालं, घर गेलं, पैसे गेले, काही काळ ट्रकमध्ये झोपायचा. 1997 ला हॉल ऑफ फेममध्ये आला तेव्हा ब्रॅडशॉनेच त्याची ओळख करून दिली आणि कँटनच्या त्या स्टेजवर, सगळ्यांसमोर, वाकून त्याच्याकडून शेवटचा एक स्नॅप घेतला. पाच वर्षांनी, 2002 ला, वेबस्टर वारला. पन्नास वर्षांचा होता. पिट्सबर्गला डॉक्टर बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला आणि एनएफएलच्या खेळाडूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा आजार, सापडल्याची ती पहिली केस. लीगच्या डॉक्टरांनी तो पेपर मागे घ्या म्हणून दबाव आणला. त्याच्या डिसॅबिलिटीच्या पैशांसाठी घरच्यांना कोर्टात जावं लागलं, तो गेल्यावर चार वर्षांनी, 2006 ला अपील कोर्टात त्यांच्या बाजूने निकाल लागला.

तुमच्या मताने वेबस्टर वाचला असता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की त्याच्या मेंदूला बसलेल्या हजारो धक्क्यांमधून जे यार्ड निघाले ते ब्रॅडशॉच्या आणि रनिंग बॅक फ्रँको हॅरिसच्या नावावर लागले, आणि त्यातूनच एक एमव्हीपीही निघाला. किंमत एकाने मोजायची आणि मोल दुसऱ्याचं धरायचं हा हिशेब बरोबर नाही. जो थॉमसने वर्षानुवर्षं तीनशे पाउंडांवर राहण्यासाठी भूक नसताना खाल्लं, रिटायर झाल्यावर पन्नासेक पाउंड उतरवले. हे सगळे लोक आपलं शरीर दुसऱ्याच्या आकड्यांसाठी वापरतात आणि तक्रार करत नाहीत, म्हणून आपणही त्यांच्याकडे बघायचं नाही?

2013 पासून हा पुरस्कार फक्त क्वार्टरबॅकला जातोय. त्याआधीचा शेवटचा वेगळा माणूस म्हणजे 2012 चा एड्रियन पीटरसन. असंच चालू ठेवायचं असेल तर सरळ सांगा की हा क्वार्टरबॅकचा पुरस्कार आहे, नाव बदला, आम्ही वाद घालणार नाही. पण नाव जर मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर असेल आणि ओळी पाच असतील तर मग पाच ओळींत मैदानावरचं जवळपास अर्धं ऑफेन्स कुठेतरी दिसायला हवं ना.

रेग्युलर सीझन संपला की प्लेऑफच्या आधी तुमची मतं मागवली जातात. यंदा त्या आठवड्यात एक करा. ज्या क्वार्टरबॅकचं नाव तुम्ही पहिल्या ओळीत लिहिणार आहात त्याच्याच टीमच्या दोन मॅचची फिल्म काढा, एक जिंकलेली, एक अडचणीतली, आणि बॉल सोडून फक्त त्या पाच जणांकडे बघा. थर्ड अँड लाँगचे, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात अजून बरेच यार्ड बाकी असतानाचे, स्नॅप बघा. मग ज्या टीमचा लाइनमन तुम्ही ऑल-प्रोला पहिला लिहिलाय त्याच्याही दोन मॅच बघा. चारेक तासांचं काम आहे. त्यानंतरही पाचव्या ओळीत लाइनमन बसत नाही असं वाटलं तर नका लिहू. पण तुमच्यातले बरेच जण आपलं बॅलट जाहीर करता, तेव्हा कुठल्या लाइनमनचा विचार केला आणि तो का राहिला हे त्यासोबत दोन ओळींत लिहा. आम्ही वाचू आणि वाद घालू, इथे अक्रनला आमच्याकडे त्यासाठी माणसं भरपूर आहेत.

आपला,
ब्राउन्सचा एक मराठी फॅन
अक्रन, ओहायो